कान्हू नाकेदाराला कुणी विचारलं नव्हतं

कोल्हापूरच्या पात्रशाळेत त्या सकाळी ऋतुजा चौगुलेने तीनशे बारावं पूर्वायुष्य लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडकली. नव्या खेळातल्या राणीला आई द्यायची होती, आणि आईची साडी कोणत्या रंगाची होती तेच तिला आठवेना.

पात्रशाळेत खेळांसाठी माणसं घडवत. लेखकाने पूर्वायुष्य लिहायचं, यंत्राने त्यावरून पात्रमन वाढवायचं, आणि मग ते पात्र खेळणाऱ्यांशी स्वतःच्या अकलेने बोलायचं, भांडायचं, वेळप्रसंगी रुसूनही बसायचं. मात्र नुसत्या कल्पनेवर पात्र धरत नसे. त्यात लेखकाची एक खरी आठवण घालावी लागे. तिला शाळेत सगळे विरजण म्हणत.

ऋतुजाचं विरजण सव्वीस वर्षं एकच होतं. ती पाच वर्षांची, अंगात सणसणून ताप, आणि आई तिला पाठुंगळी घेऊन आठ किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात निघालेली. पोरीने डोळे मिटू नयेत म्हणून वाटेत दिसेल त्या ऊसगाडीच्या बैलाची कहाणी आई रचत होती. ‘ह्याला बायकोनं हाकललंय. आन् ह्यो पैलवान व्हायला निघालावता.’ पुढे आई लवकरच गेली. ऋतुजापाशी आईची एवढी एकच आठवण होती. आपलं सगळं कसब तिथूनच आलं, असं ती येईल त्याला सांगे.

तिने जुन्या नायिका तपासल्या. एकीची आई हिरव्या साडीत होती, दुसरीची तपकिरी, आणि तिसरीच्या आईने तर पैठणी नेसली होती. तापलेल्या पोरीला पाठीवर घेऊन पैठणी! ऋतुजा तडक वरच्या मजल्यावर डॉ. निलोफर मुजावरकडे गेली. निलोफर शाळेची स्मृतितज्ज्ञ होती आणि वीस वर्षांपासूनची मैत्रीण.

“यातली खरी कुठली?” ऋतुजाने विचारलं.

“आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे गं,” निलोफर म्हणाली. “दर वेळी मेंदू ती बाहेर काढतो आणि परत ठेवताना नव्याने लिहितो. आम्ही याला पुनर्लेखन म्हणतो. तू ती तीनशे अकरा वेळा काढलीस, दर वेळी नव्या पात्राच्या मापाने बेतलीस आणि बेतलेलीच परत ठेवलीस.”

“मग माझी आई?”

“त्यात किती उरली आहे, ते मला नाही सांगता येणार.”

ऋतुजाने खुर्ची पुढे ओढली. “पहिल्या खेळातल्या पात्रांना विचारू या. त्यांना मी अगदी पहिली, ताजी आठवण दिली होती.”

“त्यांची मनं आपल्यासारखीच चालतात. लाखो खेळणाऱ्यांना सांगून सांगून त्यांचीही बदललीच असणार. आणि पात्रमन उघडून वाचता येत नाही, त्याला विचारावंच लागतं.” निलोफरने जुन्या खेळांची यादी उघडली. “ज्याला आजवर कुणी विचारलंच नाही, असं एखादं पात्र आहे का?”

दुपारभर दोघींनी जुन्या नोंदी चाळल्या आणि एक सापडलं. पहिल्या खेळाच्या उत्तर टोकाला जकातीचं नाकं होतं आणि त्यावर कान्हू नावाचा नाकेदार. समोर राक्षस उभा असताना जकात द्यायला कोण जाणार? सव्वीस वर्षांत त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. सांगितल्याची नोंद शून्य.

“एकदाच विचार,” निलोफर म्हणाली. “सांगताक्षणी त्याचीही आठवण बदलायला लागेल.”

पडद्यावर कान्हू दचकून उठला. कुणीतरी आलं, याचाच त्याला केवढा आनंद! ऋतुजाने त्याला लहानपणच्या तापाविषयी विचारलं.

“मी सात वर्षांचा होतो,” कान्हू सांगू लागला. “आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, उसाच्या हंगामात. घरात दुसरं कुणी नव्हतं. दादानं पाठीवर घेतलं. तेरा वर्षांचा होता. चार पावलं गेला की टेकायचा, पुन्हा उठायचा. आणि बैलांच्या गोष्टी सांगायचा. मधेच रडायचा आणि मला म्हणायचा, घाम आहे रे.”

ऋतुजा ऐकत राहिली. मग तिला हळूहळू दुसरंही आठवलं. चौथ्या खेळाच्या वेळी संपादक म्हणाले होते, “भावाऐवजी आई घाला, लोक हमसून रडतील.” तिने घातली होती, आणि आई जिवंत असावी म्हणून पोरीचं वयही सातावरून पाचावर आणलं होतं. त्यानंतर तिला आईच आठवत गेली. आईची म्हणून जी एकुलती एक आठवण होती, ती आईची नव्हतीच. तिला रडू फुटलं. आईसाठी फुटलं की दादाची माफी मागावी म्हणून, ते तिचं तिलाही कळेना.

तिने लगेच गावी फोन लावला. संग्रामदादा अठ्ठावन्न वर्षांचा, बहिणीने लिहिलेला प्रत्येक खेळ चष्मा लावून शेवटपर्यंत खेळणारा.

“दादा, मला ताप आला होता तेव्हा दवाखान्यात कुणी नेलं?”

“आईनं की! तुझ्या समद्या राण्या तेच तर सांगत्यात मला. लख्ख आठवतंय, मी मागनं चालत हुतो.”

ऋतुजाच्या लक्षात आलं. बहिणीच्या पात्रांनी हीच गोष्ट त्याला शेकडो वेळा ऐकवली होती, आणि पुनर्लेखन काही फक्त लेखकांचंच होत नाही.

“दादा, आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.”

पलीकडे दादा पुटपुटत वर्षं मोजू लागला.

“व्हय की गं,” दादा म्हणाला. “आई न्हवतीच. मग तुला नेलं कुणी?”

“तूच.”

“मी? आठ किलोमीटर? गप गं, काय बी सांगतीस.”

मग तिने त्याला पहिल्यापासून सांगितलं. तेरा वर्षांचा पोरगा, टेकणं, उठणं, पैलवान बैल, घाम. शब्द बदलायचा नाही, रंग भरायचा नाही, अशी तिने आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट सांगितली. दादा परक्या माणसाची हकीकत ऐकावी तसा हुंकार देत ऐकत होता. मधे एकदा त्याने नाक ओढलं.

“लई लहान हुतं की गं पोरगं,” तो म्हणाला. “पोचलं का मग?”

“पोचलं, दादा,” ऋतुजा म्हणाली. “अंधार पडायच्या आत पोचलं.”