फिरत्या घरामागची जीप

"जीपला हात कुणी लावला?" लालाकाकांनी विचारलं. आवाजात दम नव्हता. कडेगावहून निघून जेमतेम पुसेसावळी मागं पडली होती, ऊन रणरणत होतं आणि रबर जळाल्याचा वास नाकातून जात नव्हता.

पृथ्वीराज, त्याची धाकटी बहीण ईश्वरी आणि शेजारचा तौसीफ रस्त्याकडेला मान खाली घालून उभे होते. मे महिन्याच्या सुट्टीची ही त्यांची सहल. काकांनी जुन्या बसचं फिरतं घर बनवलं होतं. आत गाद्या, शेगडी, पंखा. पंखा सोडून सगळं चालत होतं. घराच्या मागं लोखंडी दांडीनं आजोबांची, म्हणजे आबांची, जुनी फोर-व्हील जीप जोडली होती. ती माणमधल्या डोंगरवस्तीवर रेश्माआत्याकडे पोचवायची होती. आत्याचे दिवस भरत आले होते आणि वस्तीच्या दगडी चढावर दुसरी गाडी चढत नव्हती. जीप मोडली, तर आत्याला दवाखान्यात न्यायचं कशातून?

ओढून न्यायच्या जीपचे दोन्ही गिअर, नेहमीचा आणि फोर-व्हीलचा, मोकळे हवेत, नाहीतर चाकं अडकतात. काकांनी निघताना ते मोकळे केले होते. पण चहाला थांबून पुन्हा निघाले, तर जीपची चाकं फिरायच्या ऐवजी फरफटायला लागली. पाहतात तर दोन्ही गिअर टाकलेले.

"अजून थोडं वढलं असतं तर गिअरबॉक्सच गेला असता. आबा तर आत घोरतायत. मग तुमीच खेळला असणार."

"आमी न्हाई ओ काका," तौसीफ म्हणाला.

"गप. आता जीपकडं फिरकायचं न्हाई."

काकांचा फोन वाजला आणि विषय संपला. गाडी हलली. तिघं घामेजलेल्या गादीवर पसरले. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं, पण न केलेल्या गोष्टीचा आळ ईश्वरीला टोचत होता.

"भूत असंल," तौसीफ पुटपुटला.

"एवढ्या उन्हात? भूतबी सावली धरून बसलं असंल गड्या," पृथ्वीराज म्हणाला.

ईश्वरीची नजर आत्यासाठी घेतलेल्या काकवीच्या बरणीवर गेली. ती उठून बसली. "काकवी हाताला लागली की धुतल्याबिगर जात न्हाई," ती म्हणाली.

वडूजला काका रसवंतीवर टेकले. ईश्वरीनं गुपचूप जाऊन चमच्यानं दोन्ही गिअरच्या मुठींना काकवी फासली. मग नजर ठेवायचं ठरलं होतं. पण रसाच्या ग्लासातला बर्फ पाहिल्यावर कुणाचीच मान जीपकडं वळली नाही.

"चला, बसा," काका म्हणाले. पृथ्वीराज दारात आडवा उभा राहिला.

"काका, आधी जीप बघा."

"एकदा जोडली की जोडली रं."

"मग आमी चालत येतो."

वाद घालण्यापेक्षा बघून आलेलं बरं, म्हणून काका गेले. दोन्ही गिअर टाकलेले होते आणि मुठींवरची काकवी फिसकटली होती.

तिघांनी तळहात पुढं केले. स्वच्छ होते. काकांनी उगाच स्वतःचाही हात पाहून घेतला. तेवढ्यात तौसीफनं खिडकीकडं बोट दाखवलं. आत आबा बसले होते आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीभोवती दोन माश्या घोंगावत होत्या.

आबांनी मिशी चाचपली, मग बोटं पाहिली. "मीच व्हय?" ते म्हणाले. "गाडीतनं उतरताना गिअर टाकूनच उतरायचं, ही फौजेतली सवय. हात डोक्याला इचारत न्हाई."

"पर तुमी जीपमधी गेला कशाला?" काकांनी विचारलं.

"नजर अधू झाल्यापास्नं चालवाया मिळत न्हाई. आज तर जीपच जाणार. म्हटलं, थांबंल तितं घटकाभर बसावं."

चोर सापडला होता, पण ईश्वरीला रडू येत होतं.

काकांनी फोन खिशात टाकला. "पोरांनो, चुकलं माझं. निघायच्या आधी बघायचं काम माझं हुतं."

"लय हुशार हाईत पोरं," आबा म्हणाले. "फौजेत असती तर म्या सलाम ठोकला असता."

पुढच्या प्रत्येक थांब्यावर ईश्वरी आबांशेजारी जीपमध्ये बसली, आणि निघण्याआधी काकांनी स्वतः गिअर पाहिले.

दिवस कलताना फिरतं घर पायथ्याशी ठेवून, जीप सोडवून, सगळे तिच्यातून कण्हत कण्हत वस्तीवर पोचले. अंगणाच्या उतारावरच काकांनी हँडब्रेक ओढून जीप बंद केली. आत्या कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"ह्या तिघांनी आणली बघ तुझी जीप," काका तिला म्हणाले आणि उतरले.

शेजारी बसलेल्या आबांचा हात सवयीनं गिअरकडं गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी वळून ईश्वरीकडं पाहिलं.

"टाका आबा," ती म्हणाली. "हितं उतारावर टाकायचाच असतो."

आबांनी हळूच गिअर टाकला. मूठ अजून चिकट होती. ती त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं नीट पुसली, आणि किल्ली काढून आत्याच्या हातात दिली.