बातमीत ‘मी’ नसतो

सारुमा गावच्या रेडिओवर मी गेले ती आमची गाय हरवल्याचं जाहीर करायला. निवेदिकेचा घसा बसलेला, म्हणून केंद्रप्रमुख सर्व्हियोसाहेब म्हणाले, "तूच वाच, नोएमी." मी वाचलं. काचेपलीकडे एक कुरळ्या केसांचा मुलगा हसू दाबत होता.

"गाय हरवलीय की राष्ट्राध्यक्ष?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"तुमचं काही हरवलं की कळेल."

"हरवलं ना... आत्ताच."

तो लिझांद्रो. गाय मिळाली, आणि मला दुपारच्या बातम्या वाचायचं काम मिळालं.

सर्व्हियोसाहेबांची शिस्त कडक. मयताची सूचना असो की लसीकरणाची, एकच आवाज. बातमीत ‘मी’ नाही, ‘अरेरे’ नाही. माझ्यानंतर लिझांद्रो आणि त्याची जोडीदार निवेदिका यादिरा यांचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम असे. तिथे सगळंच मोकाट.

"आज कुणासाठी नटलीस, राणी?"

"तुझ्याचसाठी रे, वेड्या!"

घरी जायचं सोडून मी बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकायची. का, देव जाणे! यादिरा खळखळून हसली की मी बाकाची फळी नखांनी कोरायची.

एकदा पावसात लिझांद्रोनं मला कॉफीला नेलं. छत्री माझ्यावर, स्वतःचा खांदा चिंब. मी विरघळले होते... तेवढ्यात कॉफीवाली म्हणाली, "आज राणीला नाही आणलंस?"

"जा की तिच्याकडे," मी उठलेच.

"अगं, ती कार्यक्रमाची भाषा आहे! तिथे सगळे असंच बोलतात."

"आणि हा कुठला कार्यक्रम चाललाय?"

तो नुसती कॉफी ढवळत राहिला. मला वाटलं, सापडला चोर. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. तोही माझ्याशी नीट बोलेना, काही सांगायला यायचा, "ते... काही नाही" म्हणून परत फिरायचा. यादिराला मात्र रोज राणी!

मग शनिवारी दोघं पिन्यासच्या जत्रेला गेले, कार्यक्रम करायला. एकाच गाडीतून. सकाळभर मी मनातल्या मनात तिच्या झिंज्या उपटत होते.

दुपारी बातम्या वाचताना साहेबांनी कागद पुढे सरकवला. मी वाचू लागले, "पिन्यास रस्त्यावर दरड कोसळली आहे. रेडिओच्या गाडीशी संपर्क झालेला नाही. प्रवाशांनी..."

पुढची अक्षरं दिसेनात.

"प्रवाशांनी जाऊ नये," मी म्हणाले. आणि मग सुटलंच तोंडातून, "लिझांद्रो, ऐकतोयस का? फोन कर. मी... मला श्वास घेता येत नाहीये. यादिरा, तूही कर गं बाई. पण त्याच्याजवळ बसली असशील तर जरा सरकून बस!"

साहेबांनी गाणं लावलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडत राहिले.

थोड्या वेळानं साहेबांचा फोन वाजला. गाडी दरडीच्या अलीकडेच अडकली होती, दोघं सुखरूप होते.

संध्याकाळी दोघं आली, चिखलानं माखलेली. यादिरानं आधी मलाच गाठलं. "सरकून बस म्हणे! शेजारी अडकलेल्या बसमध्ये रेडिओ चालू होता, सगळी बस हसत होती. वाटभर याच्या तोंडून तुझंच पुराण ऐकलंय मी. आता घे बाई तुझं ध्यान, मी चालले."

लिझांद्रो दारातच उभा होता. सगळ्या गावाशी लाडीगोडीनं बोलणारा हा माणूस... त्याला शब्द सापडेना.

"नोएमी, ते... म्हणजे... मी..."

"बोल ना."

"घाबरलो होतो गं. दरडीला नाही. तू परत बोलणारच नाहीस म्हणून." त्यानं ओठ ओले केले. "मला... तू हवीस."

ना राणी, ना सखी. आवाजही फाटलेला. साहेब आतून ओरडले, "नोएमी, उद्यापासून तुझ्या बातम्या बंद! त्या यादिरा वाचेल, तू फर्माइशीला बस!"

मी लिझांद्रोचा चिखलाचा हात धरला. "यादिराच्या खुर्चीवर?"

"तिच्याच," तो म्हणाला.

"मग बसते."