कापलेले साडेचार मीटर

तेरा नोव्हेंबरला दुपारी निशाला वडिलांचा फोन आला, तेव्हा ती नाशिकच्या ऑफिसात डबा उघडत होती.

"थांब, धोटा ठेवतो," वसंत महाजन म्हणाले. मागे चाललेली मागाची खटखट थांबली. "डब्यात काय?"

"गिलक्याची भाजी."

"गिलकी मिळतात आत्ता?"

"बारा महिने मिळतात, बाबा."

एवढंच. उद्या बोलू म्हणून दोघांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुऱ्यातल्या त्यांच्या घराचं दार शेजाऱ्यांनी उघडलं, तेव्हा वसंतराव अंथरुणातच गेलेले होते.

महिन्याभराने निशा वडिलांच्याच गावात, इतवाऱ्यातल्या एका जिन्यावर उभी होती. वर पाटी होती: मनकर्णा चौधरी, खासगी तपास. मनकर्णाबाई पंचवीस वर्षं कोर्टात टाइपिस्ट होत्या. लोकांचं खोटं टाइप करून करून त्यांना ते लांबूनच ओळखू यायला लागलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ मोतीलाल स्कूटर चालवायचा आणि अधूनमधून प्रश्न विचारायचा.

"बाबांनी चाळीस वर्षं पॉवरलूम चालवला," निशा म्हणाली. "मग पेपरात विद्यापीठाच्या आंतरकला केंद्राची जाहिरात वाचली. गावातला एक कारागीर, सतरा जूनपासून पाच महिने, वेगवेगळ्या विषयांच्या मुलांबरोबर काम. वयाची अट नाही. त्यांनी अर्ज केला आणि निवड झाली."

"काम काय?"

"केंद्रातल्या हातमागावर रोज टीचभर पट्टा विणायचा. त्या दिवसाचा रंग त्यांनी ठरवायचा. दीडशे दिवसांचं पंधरा मीटर कापड. उद्याच्या महोत्सवात ते उलगडत जाणार आणि एक मुलगी ते बघून बासरी वाजवणार. काल केंद्रप्रमुखांचा फोन आला. कापड कुणीतरी कापलंय. शेवटचे साडेचार मीटर गेले." ती थांबली. "बाबांच्या हातचं शेवटचं. मला तेवढं हवंय. चोराचं तुम्ही काहीही करा."

"साडेचार मीटरमध्ये काय होतं, अक्का?" मोतीलालने विचारलं. "दोन कुर्ते?"

"तुझा एकच होईल, मोत्या. चपला घाल."

केंद्राच्या लांबलचक दालनात महोत्सवाची तयारी चालली होती. कोपऱ्यात रिकामा हातमाग उभा होता. निशाने त्याच्याकडे पाठ केली.

केंद्रप्रमुख प्राध्यापक विनायक कडू कापडी बॅनर गुंडाळत होते. गुंडाळी एका बाजूने सुळका काढून बाहेर येत होती.

"मागावर विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळत जातं. तो रूळच आम्ही उचलून कपाटात ठेवला," ते म्हणाले. "पहिला दिवस आत, शेवटचा बाहेर. काम अर्धवट राहिलं, त्यामुळे शेवटाला मोकळे दोरे लोंबत होते. काल सोमवारी बघतो तर बाहेरचं टोक कात्रीने सरळ कापलेलं. गुंडाळी न उलगडताच वजन केलं, हिशेब मांडला. साडेचार मीटर कमी."

"कपाटाला कुलूप?"

"चावी दालनातच खिळ्याला असते. दालनाची माझ्याकडे, भूमिकाकडे आणि यादवकडे."

भिंतीवर एक पाटी होती, वर कागद चिकटवलेला. मनकर्णाबाईंनी बोट दाखवलं.

"रंगांचा खुलासा," कडू सर म्हणाले. " वसंतरावांनी लिफाफ्यात लिहून दिला होता, त्यांच्यानंतर मी उघडला. शनिवारी संध्याकाळी यादवने पाटी टांगली. उद्या निशाताईंच्या हस्ते अनावरण, सगळ्या गावासमोर."

मनकर्णाबाईंनी कागदाचा कोपरा उचलून वाचलं आणि पुन्हा दाबून बसवला. मग निशाला म्हणाल्या, "वडिलांशी रोज बोलणं व्हायचं?"

"बहुतेक रोज." निशाने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे, ऑगस्टपासून."

भूमिका संगीताची विद्यार्थिनी. बासरीची पिशवी खांद्याला, डोळे रडून सुजलेले.

"मॅडम, मी कापड पूरा पाहिलंच नाहीये. आधी बघायचं नाही, सामने आल्यावर वाजवायचं, ही काकांची शर्त होती. निळ्याला नुसता तानपुरा, पिवळ्याला बासरी, इतकंच ठरलेलं."

"रंगांचा अर्थ विचारला नाहीस?"

"विचारला ना. हसले. बोलले, परीक्षेच्या आधी पेपर फोडू नये." तिने सरांच्या हातातला बॅनर घेतला. "सर, आप छोड़ो, मी करते." तिच्या गुंडाळीला चुण्या पडल्या.

शिपाई यादव चहा घेऊन आला होता. साठीला टेकलेला, किडकिडीत. ट्रे ठेवून त्याने तो बॅनर तिच्याकडून काढून घेतला, टेबलावर झटकला आणि मनकर्णाबाईंशी बोलता बोलताच गुंडाळून टाकला. दोन्ही कडा सपाट झाल्या.

"वसंतभाऊंना रोज अकराला चहा द्यायचो, बाई. भला माणूस. जास्त बोलायचे नाहीत."

"रविवारी इथे कोण होतं?"

"सुट्टी होती. कोणी नाही."

मोतीलाल कानाशी कुजबुजला, "अक्का, ती बासरीवाली. रडतेय बघ."

"माणूस गेलंय, मोत्या. कुणीतरी रडायला नको?"

मनकर्णाबाईंनी कपाटातून कापडाची गुंडाळी काढली. कडा बॅनरसारख्याच सपाट. त्यांनी रूळ आणि कापड यांच्यामध्ये दोन बोटं घातली, हळूच ओढली. बोटांबरोबर सुताचे मोकळे दोरे बाहेर आले.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "आणि सगळे बसा."

सगळे बसले. यादव उभाच राहिला.

"शेवटाला मोकळे दोरे होते, सर म्हणाले. ते शेवटाबरोबर जायला हवे होते. पण ते इथे आहेत, आत. म्हणजे शेवट गेलेलाच नाही. कुणीतरी पंधराच्या पंधरा मीटर उलगडलं, सुरुवातीचं कापलं आणि उलटं गुंडाळलं. शेवट पोटात गेला आणि सुरुवात बाहेर आली."

निशाचा हात आपोआप त्या दोऱ्यांकडे गेला.

"पंधरा मीटर उलगडायला रिकामं दालन हवं. म्हणजे रविवार. कडा इतक्या सपाट ठेवायला हात तयार हवा. सर आणि ही पोरगी, दोघांची गुंडाळी आपण आत्ताच बघितली. तिसऱ्याचीही बघितली."

"यादव?" कडू सर उठलेच.

"बसा सर. कुठल्या मिलमध्ये होतात, यादव? कोणतं खातं?"

"घडी खातं. तागे गुंडाळायचो," यादव खालमानेने म्हणाला. "अठरा वर्षं. मिल बंद पडेस्तोवर."

"आणि तिथे ताग्याचं पहिलं टोक बाहेर ठेवायचे."

"मिलचा छाप त्यावर असायचा ना, बाई. हात आपोआप तसाच चालला. ध्यानातच आलं नाही."

"पण कशाला?" मोतीलालने विचारलं. "असलं कापड कोण विकत घेणार?"

मनकर्णाबाईंनी निशाकडे बघितलं. "सांगू?"

निशाने होकारार्थी मान हलवली.

त्यांनी पाटीवरचा कागद काढला. वसंतरावांचे शब्द रंगवलेले होते, दोनच ओळी: पिवळा, ज्या दिवशी निशाशी बोलणं झालं. निळा, नाही झालं.

"रोज टीचभर पट्टा. साडेचार मीटर म्हणजे पंचेचाळीस दिवस. काम सतरा जूनला सुरू झालं, तिथून मोजलं तर एकतीस जुलै येतो. आणि निशा म्हणाली, ऑगस्टपासून."



यादवने कोपऱ्यातल्या पेटीतून एक पुडकं काढलं आणि निशासमोर धरलं. "ताई, पाटी टांगताना मी वाचली. उद्या तुम्हीच ती उघडणार, मग कापड खुलणार, आणि पब्लिक मोजणार. तुमच्यावर सगळ्यांच्या नजरा. वसंतभाऊंना ते चाललं असतं का? त्यांनी कुणाला दाखवायला थोडंच विणलं होतं. एकटा माणूस, दिवस मोजत होता, बस. मला जे सुचलं ते केलं. नोकरी जाऊ द्या."

निशाने पुडकं उलगडलं. पहिल्या टोकापासून कापलेल्या टोकापर्यंत निळं. एकही पिवळी रेघ नव्हती.

"यादवकाकांची नोकरी जाणार नाही, सर," ती म्हणाली. "आणि हे उद्याच्या आधी परत जोडून घ्या."

"निशाताई, विचार करा. लोक..."

"जोडून घ्या."

भूमिका सुईदोरा शोधायला गेली. तिच्यामागून कडू सर गेले, यादव गेला. मनकर्णाबाईंनी मोतीलालला कोपराने ढोसून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

निशा मागाजवळच्या स्टुलावर बसली. निळं कापड मांडीवर घेऊन ती एकेक पट्टा बोटाखालून पुढे सरकवत राहिली. तेविसाव्या का चोविसाव्या पट्ट्यावर बोट थांबलं. तिने घसा साफ केला. रिकाम्या दालनात स्वतःचाच आवाज तिला मोठा वाटला.

"कामात नव्हते मी, बाबा. फोन समोरच वाजायचा आणि मी बघत बसायचे. आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे येऊन राहाल असं मी धरून चालले होते. खोली लावून ठेवली होती. तुम्ही या केंद्रात आलात आणि इतके खूश होतात, की मला ते बघवलं नाही."

ती पुढच्या पट्ट्यावर गेली.

"माझं चुकलं, बाबा."