सातवं यंत्र

“केसर गंऽ, ओ दे!”

खाडीच्या धुक्यात तिसऱ्या-शिंपल्या वेचता वेचता आई हाक मारायची. ओ आली नाही, की टोपली टाकून गुडघाभर चिखलातून धावत सुटायची.

पन्नास वर्षांनी, मंगळावरच्या वसाहतीत, केसरबाई पाटणकरांच्या कानात तीच हाक घुमत होती. सकाळी दरड कोसळली आणि सहा घुमटांना जोडणारी तार मधोमध तुटली. तीन घुमट इकडे, तीन तिकडे. बिनतारी संदेश धुळीच्या वादळाने गिळले होते.

सहा घुमटांतल्या यंत्रांची मिळून एकच संचालन प्रणाली केसरबाईंनी बांधली होती. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ.

“ओ आली नाही म्हणजे माणसं मेली असं थोडंच आहे?” मुकुंद चेऊलकर म्हणाला. तो हवेचा अभियंता. त्याची लेक सुमी पलीकडे, शाळेच्या घुमटात होती.

“यंत्राला चिखलातून धावत जाऊन बघता येत नाही, मुकुंदा. त्याला मेलेला आणि तुटलेला सारखाच गप्प. प्राणवायूची टाकी एकच. दोन्हीकडचे आपापल्या मर्जीने उपसू लागले तर वादळ सरायच्या आत दोघेही जातील. म्हणून दर यंत्राला एक मत; सातांतली चार मतं ज्यांच्याकडे, टाकी त्यांची. बाकीच्यांची झडप तासाभराने आपोआप बंद.”

“आणि बरोबरी फोडणारं सातवं यंत्र या नियंत्रण कक्षात. सगळ्यांना ठाऊक आहे ते.” त्याचा आवाज चिरकला. “आपला एक घुमट बंद करा, बाई. होऊ देत आपली तीनच.”

“त्याने त्यांची चार होत नाहीत रे.”

“वा. यंत्रांना छान शिकवलंत ओ द्यायला.”

संगणकाच्या पडद्याचा एक कोपरा केसरबाईंनी मघापासून तळव्याखाली झाकला होता.

हवा वाहतेय हे दिसावं म्हणून मुकुंदाने छताच्या जाळीला सुमीची लाल रिबन बांधली होती. जोडीतली दुसरी शाळेत, तिथल्या जाळीला होती. फडफडणारी रिबन मंदावली. मग सरळ खाली लोंबली.

मुकुंदाने पाना उचलला. “बिघाड आहे. बघतो.”

“बिघाड नाही. बस इथे.” केसरबाईंनी तळवा उचलला. खाली इकडच्या मतांचा आकडा होता: तीन.

“नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर इकडे राहायला कोण तयार झालं असतं? सातवं यंत्र मी शाळेच्या जमिनीखाली पुरलंय, मुकुंदा. तिकडची रिबन हलतेय.”