आतल्या ताई

“काय हो कारखानीस, आज मी आत काय ऐकलं?” दालनाचं दार मागे लागलं की इंदुमती वैराळे हमखास विचारत.

“सगळं, ताई,” हेमंत कारखानीस सांगत. आणि ते अगदी खरं असे.

इंदुमतीबाई संसदेच्या गुप्तवार्ता देखरेख समितीच्या अध्यक्ष. मंगळवेढ्याकडच्या, खणखणीत आवाजाच्या. कारखानीस गुप्तचर खात्याचे समन्वय अधिकारी. खात्यात काय चाललंय ते समितीला सांगणं, हेच त्यांचं काम. पूर्वी हे काम म्हणजे हातचं राखून बोलण्याची कसरत असे. खात्याला वाटे, खासदारांच्या पोटात काही राहत नाही. खासदारांना वाटे, खातं आपल्याला खुळ्यात काढतं. दोघांचंही खरं होतं.

हा तिढा सोडवला खात्याच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. नसीमा मुल्लांनी. पहिल्याच बैठकीत ताईंनी त्यांना फैलावर घेतलं होतं.

“डॉक्टरीणबाई, दालनात सोडता त्या वाफेनं आमची डोकी पुसून काढणार व्हय?”

“पुसत नाही, ताई. मेंदू एखादी गोष्ट साठवतो, तेव्हा शरीराची त्या वेळची रासायनिक अवस्थाही तिला चिकटते. तीच अवस्था परत आली की ती गोष्ट चटकन आठवते. आमची वाफ हे नातं इतकं घट्ट करते, की दालनात ऐकलेलं दालनाबाहेर आठवतच नाही. आम्ही याला कोंडस्मृती म्हणतो.”

“मग पुढच्या बैठकीला?”

“दोन श्वास घ्यायचे. शब्दन् शब्द परत.”

“आन् बाहेर लोकांनी विचारलं तर काय सांगू, कपाळ?”

त्याचीही सोय कायद्यात होती. उंबरठ्यावर प्रत्येक सदस्यानं ‘समाधान आहे’ किंवा ‘समाधान नाही’ एवढंच मोठ्यानं म्हणायचं. तेवढं बाहेर नेता येई. पुढे आपल्याच शब्दावर आपण विश्वास ठेवायचा. कारखानिसांना बाहेरही काम असल्यानं त्यांना उतारा टोचलेला असे. दोन्हीकडचं आठवणारे त्या दालनात ते एकटेच.

ही पद्धत आल्यापासून त्यांनी समितीपासून काही लपवलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तच होता. म्हणून एके दिवशी सांगणं जिवावर आलं तरी ते बोलले.

“परदेशातला आपला एक माणूस उघडा पडतोय. आज परत आणला तर वाचेल. पण तो हलला की त्याला मदत करणारी तिथली कुटुंबं पकडली जातील. ती सीमेपार जाईपर्यंत त्यानं थांबायला हवं.” मग ते अध्यक्षांकडे वळले. “ताई, तो तुमचा पुष्कर आहे.”

ताईंच्या लेखी त्यांचा मुलगा पुष्कर मस्कतला खजुराचा व्यापार करत होता.

“तुम्ही या निर्णयातून बाजूला राहिलात तरी चालेल,” कारखानीस म्हणाले.

“मी बसते. मतं घ्या.”

मतं समसमान पडली. आता अध्यक्षांचं मत निर्णायक होतं. ताईंनी एकच विचारलं.

“त्या घरांमधी लेकरं हायेत?”

“आहेत.”

“मग थांबू दे त्याला.”

उंबरठ्यावर त्या स्पष्ट म्हणाल्या, “समाधान आहे.” आणि बाहेर पाऊल टाकताच, “कारखानीस, भूक लागली बाई, काही मागवा.” कारखानिसांनी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली होती. एवढं मोठं माणूस पाहिलं नव्हतं.

पुष्कर वाचला नाही. पुढच्या बैठकीत कारखानिसांनी तेही सांगितलं. ताई सगळ्यांसमोर हमसून हमसून रडल्या. कुटुंबं अजून वाटेतच होती. पुष्कर खरा कोण होता हे तिथल्या लोकांना अजून पक्कं कळलं नव्हतं; ते फुटलं तर कुटुंबंही गेली असती. सदस्य निघून गेल्यावर कारखानीस हळूच म्हणाले, “ताई, हे तुम्हाला बाहेरही कळायला हवं. मी नियम मोडतो.”

“खबरदार! माझ्या मनातलं माझ्या तोंडावर दिसतं, सारा मुलूख जाणतो. ती माणसं पोचेस्तवर बाहेरच्या इंदुमतीला काही कळता कामा नये.”

मग खातं पुष्करच्या नावानं बाहेरच्या ताईंना निरोप पाठवू लागलं. पहिल्याच निरोपात खात्यानं माती खाल्ली. ‘प्रिय मातोश्रींना सादर प्रणाम. मी येथे कुशल असून आपली खुशाली कळवावी.’ बाहेरच्या ताई तो निरोप घेऊन तडक कारखानिसांकडे आल्या. “पोराचं काहीतरी बिनसलंय. ही त्याची भाषा न्हाई. वकिलातीत चौकशी लावा.”

चौकशी लागली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. कारखानिसांनी त्यांना दालनात नेलं. दोन श्वासांनंतर ताईंनी तो निरोप पुन्हा वाचला.

“तुमच्या लोकांना जमायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी सांगते. तुम्ही लिहून घ्या.”

तेव्हापासून दर मंगळवारी अध्यक्षांची एकट्यांची बैठक सुरू झाली. आत आल्यावर ताई आधी पोटभर रडत. मग पदरानं तोंड पुसून, पुष्कर काय लिहील ते सांगत. मध्येच थांबून एखादा शब्द बदलायला लावत. कारखानीस खाली मान घालून लिहीत.

“हे मंगळवारचं काय खूळ काढलंय हो?” एकदा दाराबाहेर येताच ताईंनी विचारलं.

“तुमचाच हुकूम, ताई.”

“आन् डोळे का चुरचुरतात माझे?”

“ते आतलं आहे.”

“मग असू दे.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी फोन कारखानिसांपुढे धरला.

“बघा, पुष्करचा! म्हणतो, ‘बये, रडत बसू नको. चार घास खाऊन घे.’” ताई खुदकन हसल्या. “मी कुठं रडतेय? पर खरं सांगू, कारखानीस, आज सकाळपासनं जीव नुसता कासावीस होता. ह्याला तिकडं बसून कसं कळतं, कोण जाणे.”