रेघेआधीची जागा

तिच्या खुर्चीवर बसायचं नाही एवढं ठरवून त्याने दुकानातलं लाकडी स्टूल घरी आणलं. ती खुर्ची त्यानेच केली होती. आयुष्यभर लोकांचे सोफे आणि गाड्यांच्या सीटा उसवून भरून दिल्या, घरासाठी केलेली ही एकच. बायकोची पाठ दुखायची म्हणून चांगल्यातला फोम घातला होता, वर हिरवं कापड ताणून बसवलं होतं. खुर्ची त्याने मागे भिंतीला लावून ठेवली आणि स्टूल कॉम्प्युटरसमोर घेतलं. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. खाली गल्लीत कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं आणि ती काही चालू होत नव्हती.

कॉम्प्युटरचा प्लग त्यानेच काढला होता, बायकोला दवाखान्यात नेलं त्या दिवशी. त्यानंतर आज पहिल्यांदा लावला.

"झाला का चालू?" फोनवर मुलगी होती. ती नोकरीसाठी दूर राहायची.

"होतोय. तुझ्या आईसारखंच, आवरायला वेळ लागतो याला."

मुलगी हसली.

काम तसं छोटं होतं. बायकोची एक मंडळी होती, कॉम्प्युटरवरच्या गप्पांच्या खोलीतली. विणकाम करणाऱ्या बायका, दोन-चार पुरुष, कुठे कुठे पांगलेले. चेहरे नाहीत, फोटो नाहीत, नुसती अक्षरं एकाखाली एक सरकत जायची. तिथे तिचं नाव लोकर. तो चिडवायचा, "झालं का बिनतोंडाच्या मैत्रिणींशी बोलून?" ती म्हणायची, "तोंड असलेला माणूस तरी कुठे बोलतो माझ्याशी?"

त्या मंडळींना कळवायचं राहिलं होतं. "मला नाही लिहिता येणार ते, बाबा, तू लिही," असं मुलगी म्हणाली होती. पण त्याला तरी कुठे येत होतं? नातेवाईक, शेजारी, सगळ्यांना फोन मुलीनेच केले होते. 'ती गेली' एवढं त्याच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं.

त्या खोलीत दाबायला बटणं नव्हती, सगळं लिहून सांगायचं. आधी तिरकी रेघ, मग तिला चिकटून हुकूम. /जॉइन लिहिलं की आत, /पार्ट लिहिलं की बाहेर. /मी लिहून पुढे काही लिहिलं की ते बोलणं न राहता कृती व्हायची आणि ओळीआधी चांदणी यायची. * लोकर जांभई देते. बायकोने हौसेने शिकवलं होतं आणि तो दरवेळी तीच चूक करायचा. कापड कापताना कडेला शिवणीपुरतं सोडायची हाताला सवय. तो हात रेघेआधीही एक मोकळी जागा सोडायचा. मग हुकूम साधं बोलणं होऊन सगळ्यांना दिसायचा. ती कपाळाला हात लावायची. "अहो, रेघेआधी जागा सोडू नका. मनातलं चारचौघांत जातं."

आज त्याने जपून लिहिलं. /जॉइन, मग खोलीचं नाव. स्वतःच्या नावाच्या जागी तिचंच आधीपासून भरलेलं होतं.

'लोकर हे नाव वापरात आहे,' पडद्यावर आलं. 'तुमचं नाव आता लोकर_.'

त्याने उजवीकडची यादी पाहिली. आत असलेल्यांची नावं तिथे असायची. बटण. सुईदोरा. लोकर. तिच्याखाली शेपूट लावलेला तो.

बटणने लिहिलं, "अरे वा, आज दोन लोकर?"

"मी तिचा नवरा," त्याने एकेक अक्षर शोधून लिहिलं.

"या, या! बसा," सुईदोराने लिहिलं. "तुमच्याबद्दल सांगत असते ती."

पुढचं वाक्य तो मनात घोळवत होता, ते राहिलंच. त्याने विचारलं, "कधी सांगितलं?"

"कालच. म्हणाली, हल्ली दुपारी घरीच असतात, पण एक शब्द बोलत नाहीत माझ्याशी."

खाली किक मारणारा थांबला होता. त्याने मुलीला सगळं वाचून दाखवलं.

"कोणीतरी नाव ढापलंय आईचं," ती चिडून म्हणाली. "नाहीतर जुनी जोडणी तुटायची राहिली असेल. नाव तसंच लटकत राहतं. त्याला तिथे भूतच म्हण—" ती थांबली. "/हूइज लिही. मग लोकर. कुठून बोलतंय ते कळेल."

त्याने लिहिलं. आकड्यांची एक लांब ओळ आली. मुलीने सांगितलं म्हणून त्याने स्वतःच्या नावाचीही मागवली. दोन्ही ओळी त्याने बोट ठेवून ताडून पाहिल्या. कुठे फरक नव्हता.

"घरात दुसरा कॉम्प्युटर चालू आहे का, बाबा?"

"घरात मी आहे."

मग मुलीचा आवाज एकदम कामाचा झाला. "काढून टाकू ते नाव. तिचा पासवर्ड मला माहीत आहे, तुझ्या दुकानाचंच नाव. मी सांगते तसं लिही. एकदा नाव निघालं की मग तू त्यांना सांग."

त्याने लिहिलं. तिरकी रेघ, हुकूम, लोकर, दुकानाचं नाव. एंटर दाबला.

ओळ जशीच्या तशी खोलीत सगळ्यांसमोर जाऊन बसली.

"अहो!" बटणने लिहिलं. "पासवर्ड असा चव्हाट्यावर?"



मग यादीतली लोकर पहिल्यांदा बोलली.

"पुन्हा जागा सोडलीत."

त्याचा हात टेबलावरच राहिला.

"मला काढताय?"

"बाबा?" फोनवर मुलगी म्हणत होती. "निघालं का नाव?"

"आणि त्या स्टुलावर काय बसलात? पाठ धरेल."

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर नुसतं आभाळ होतं. दाराला आतून कडी होती. फोन कानाला होता आणि स्टुलाबद्दल तो मुलीलाही बोललेला नव्हता.

त्याने हुकूम पुन्हा लिहायला घेतला. या वेळी रेघेआधी काही सोडलं नाही. अक्षर न् अक्षर तपासलं. आता नुसता एंटर. त्याने बोट नेऊन ठेवलं.

खोलीत नवी ओळ आली. ओळीआधी चांदणी होती.

* लोकर आपली खुर्ची पुढे ओढते.

मागे फरशीवर खुर्चीचे पाय घासले.

मग गादीतून हवा निघाली, सावकाश. हा आवाज त्याने दुकानात हजारदा ऐकला होता. गिऱ्हाईक दुरुस्त झालेल्या सोफ्यावर बसून बघतं तेव्हा येणारा. नुसत्या आवाजावरून तो बसणाऱ्याचं वजन सांगू शकायचा.

हे वजन त्याला माहीत होतं.

त्याने हुकूम खोडायला सुरुवात केली. एकेक अक्षर, मागून पुढे. शेवटी रेघ.

"सांगितलंस का त्यांना, बाबा? आईचं?"

"नाही," तो म्हणाला. "तिच्यासमोर कसं सांगू?"

फोन त्याने टेबलावर ठेवला. आतून मुलगी हाका मारत होती. तो स्टुलावरच हळूहळू मागे वळला.

खुर्ची भिंतीपाशी नव्हती. हात लांबवला तर लागेल एवढी जवळ होती. तिच्यावर कोणी नव्हतं. हिरव्या कापडाला मधोमध खळगा पडला होता.

फोम चांगल्यातला होता. माणूस उठलं की लगेच वर यायचा.

तो बघत राहिला. फोम वर येत नव्हता.