चूलबंद आवतण

बातमी तशी साधी होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की काठाला गाळाची जमीन उघडी पडते. ती धरणग्रस्तांना एका हंगामापुरती पेरायला द्यायची असते. तिला गाळपेर म्हणतात. आंबेगावच्या पश्चिमेला अशाच एका धरणाच्या काठी, जुनं खडकवणं गाव बुडालं त्याच्या वरच्या अंगाला, पुण्यातल्या कुणीतरी पर्यटकांसाठी कॅराव्हॅनचा तळ उभा केला होता. सहा गाड्या, सिमेंटचे ओटे, विजेचे खांब आणि इंग्रजीतली भलीमोठी पाटी. मराठीत एक अक्षर नाही. कागदोपत्री जमीन 'पडीक'. बत्तीस वर्षं मी या दोन तालुक्यांत बातमीदारी करतो आहे. पडीक हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. आपल्याकडे जमीन कधी पडीक नसते, तिचा मालक पाडलेला असतो.

वैशाखातल्या एका मंगळवारी दुपारी घरून जेवून निघालो. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याकडचं अन्न खायचं नाही, हा माझा जुना नेम. एक रात्र काढायची, फोटो घ्यायचे आणि सकाळी परत यायचं, एवढाच बेत होता.

तळावर आडवारी शुकशुकाट होता. पाच गाड्या रिकाम्या. टोकाच्या मोकळ्या ओट्यावर मंचरच्या सुभाषचंद शेठची स्वतःची मोटारहोम उभी होती. दुकान मुलावर सोपवल्यापासून शेठ आणि त्यांच्या पत्नी प्यारीबाई तीर्थयात्रेला निघतात. जैन असल्यानं बाहेरचं अन्न चालत नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरच चाकांवर घेतलं होतं. मला पाहून प्यारीबाईंनी कपाळाला हात लावला.

"आले बघा! आमच्या दुकानाच्या पायऱ्या छापणारे."

"अडीच फूट अतिक्रमण होतं, काकी."

"दोन फूट," शेठ वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

"अडीच. मी स्वतः टेपनं मोजलं होतं."

"बरं, अडीच. आता जेवायला बसा. सूर्य आहे तोवर आमचं आटपतं, मग काही मिळायचं नाही."

मी नेम सांगितला. "आमचं अन्न तळाचं नाही हो," त्या म्हणाल्या. पण मी हट्टी माणूस. नको म्हणालो.

तळाच्या दुसऱ्या टोकाला, शंभरएक पावलांवर, चाकं काढलेली एक मोडकी कॅराव्हॅन ओट्यावर टेकवून ठेवली होती. तिच्यात राखणदार राहायचा. सोपान, साठीच्या पुढचा, बुडालेल्या खडकवण्याचा. मला हवा होता तो साक्षीदार हाच. दाराबाहेर तीन दगडांची चूल होती आणि तिच्याभोवती काड्यापेटीच्या जळक्या काड्या पसरल्या होत्या. शंभर-दीडशे असतील.

मी वही उघडली. "सोपानराव, या जमिनीवर तुमचं गाळपेर होतं ना? नाव घालून छापतो. घाबरायचं कारण नाही."

"छापा की. जमिनीचं लई सांगतो तुमास्नी," तो म्हणाला. "पर आधी एक काम करा, पावणं. माझी चूल पेटवून द्या."

मी हसलो. तो हसला नाही.

"तीन पेट्या संपल्या सकाळधरनं. पेटत न्हाई."

सूर्य डोंगराला टेकला होता. मी खिशातला लायटर काढला. हातात तो चांगला पेटला. चुलीजवळ नेला तशी ज्योत खाली वाकली. वर बोट ठेवून दाबल्यासारखी. मग विझली. वाऱ्याचा लवलेश नव्हता. गाडीतल्या गॅसचं बटण फिरवलं. फुस्स असा आवाज आला, वासही आला, पण काडी नेली की विझायची. चिंधीवर पेट्रोल ओतून पाहिलं. लांब धरली तर भडकली. चुलीत टाकली आणि ओल्या फडक्यासारखी गप्प पडली.

"कधीपासून असं?"

"तीन दिस झालं. सावळेराम आवतण देऊन गेल्यापासनं."

त्यानं मग जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. सवयीनं. विश्वास ठेवला नव्हता.

पस्तीस वर्षांपूर्वी धरण पहिल्यांदा भरायला घेतलं त्या साली गेणभाऊच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. सावळेराम हळदीकुंकवाच्या अक्षता घेऊन घरोघर आवतण देत होता. चूलबंद आवतण. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. म्हातारी, पोरंबाळं, पै-पाहुणे, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. लग्नाच्या दिवशीच पाणी चढलं. सरकारी ट्रक आले, माणसं भरली, गाव उठलं. पानं मांडायची राहून गेली. सावळेराम तेवढा मागं फिरला. चार घरं बाकी आहेत, ती उरकून येतो म्हणाला.

"त्यो आला न्हाई," सोपान म्हणाला. "आता दर वैशाखात येतो. खडकवण्याच्या एका घरी आवतण देतो. त्या घरची चूल मंग पेटत न्हाई, आन तिसऱ्या सांजंला जेवायचं बोलावणं येतं."

"आणि गेलं नाही तर?"

"न जाऊन सांगता कुणाला, भाऊ? गेल्या साली गेणभाऊचं घर व्हतं. त्यो लांब पिंपळवंडीला लेकाकडं व्हता. तिथं बी गॅस पेटंना. सकाळी हितं गाळात घावला. आता खडकवण्याचं मी एकलाच राह्यलोय."

"मग तुम्ही अक्षता घेतल्याच कशाला?"

"ताट पुढं आलं की हात जातोच की. आवतणाला नाय म्हणायची रीत हाय का आपल्यात?"

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो हे सगळं ज्यांनी घडवलं त्यांचा. गाव उठवताना जेवायलाही न थांबणारे ते साहेब पेन्शन खाऊन कधीच वारले असतील.

"उपाय काय?"

"चूल पेटली की आवतण मोडतं. काडीनं न्हाई पेटायची, ते कळलंय मला. पूर्वी शेजारनं विस्तव आणायचे बघा. तसा पायजे. ज्या चुलीला आवतण न्हाई, तिच्यातला."

आम्ही दोघांनीही एकाच वेळी तळाच्या त्या टोकाकडं पाहिलं. सूर्य तेवढ्यात मावळला होता.

मोटारहोमचं दार मी वाजवलं तेव्हा शेठ आणि प्यारीबाई प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला, बसायच्या तयारीत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. माझ्या तोंडून ते मलाच खुळचट वाटत होतं.

"आता नाही," शेठ म्हणाले. "सूर्य बुडाल्यावर आमच्यात विस्तव नाही. जीव पडतात त्यात. आणि तुम्ही... तुम्ही कधीपासून भुतं छापायला लागलात?"

"छापत नाही. मागतोय."

प्यारीबाईंनी दाराबाहेर, अंधारत चाललेल्या तळाकडं पाहिलं. "तो माणूस आपण मरणार असं समजतोय?"

"हो."

"मग आपणही तेवढंच समजायचं." त्या उठल्या. "चाळीस वर्षं सूर्यास्तानंतर काडी ओढली नाही मी. तुम्ही काही बोलू नका हो," त्या शेठना म्हणाल्या, "प्रायश्चित्त माझं मी घेईन."

शेठनी शेगडीवरचं झाकण स्वतःच्या हातानं बाजूला केलं.

पहिल्याच काडीला शेगडी पेटली. निळी, सरळ ज्योत. रोज संध्याकाळी ती चूल आपण होऊन बंद होत होती. तिला आणखी बंद करणारा कोण येणार? सोपाननं दिलेली गोवरी मी ज्योतीवर धरली. कडा लाल झाली तशी घमेल्यात ठेवली आणि निघालो.

शंभर पावलं. खांबांवरचे दिवे तेवढ्यात गेले. पाण्याकडून ओल्या गाळाचा वास येऊ लागला. उन्हाळाभर तापलेल्या काठाला असा वास नसतो. कुठं बेडूक नाही, रातकिडा नाही. घमेल्यातला विस्तव मी वाकून अंगाच्या आडोशाला धरला होता. तिसऱ्या ओट्यापाशी आलो आणि मागून, अगदी साध्या, दमलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"गेणभाऊ... पानं मांडलीत. चला..."

मग शांतता. एखाद्यानं उत्तर द्यावं एवढी. मग चार ओली पावलं. मग पुढच्या रिकाम्या गाडीपाशी तोच आवाज.

"साळुबाई... पोरांना घेऊन चला..."

मी मागं पाहिलं. पाहायला नको होतं. पितळेच्या ताटाची कड चमकली आणि धोतराचा पांढरा काठ दिसला. त्यातून पाणी निथळत होतं. एवढंच. चेहऱ्याच्या जागी अंधार होता. मोटारहोमपाशी ती पावलं थांबली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सोपान चुलीपाशी गुडघ्यावर बसला होता. त्यानं गोवरी दोन्ही हातांनी उचलली, चटका बसला तरी सोडली नाही. काटक्यांखाली ठेवून फुंकर घातली. धूर झाला. पुन्हा फुंकर. आवाज आता शेजारच्या ओट्यावर होता.

"लवकर..." मी म्हणालो.

काटकी तडतडली. जाळ वर आला. सोपाननं वर पातेलं ठेवलं, त्यात पाणी, त्यात मूठभर तांदूळ. पाण्यानं सूर धरला आणि पावलं आमच्यासमोर येऊन थांबली. जाळाचा उजेड जिथं संपत होता, बरोब्बर तिथं.

"सोपानराव..."

सोपाननं वर पाहिलं नाही. "चूल पेटलीया माझी, सावळेरामदादा," तो म्हणाला. "माझं पान धरू नका."

भात रटरटत होता.

"बरं," आवाज म्हणाला. जराही राग नव्हता त्यात. "मंग पावणं तरी येतील..."

बत्तीस वर्षांत मला किती आमंत्रणं आली असतील? लग्नं, मुंजी, उद्घाटनं, पुढाऱ्यांचे वाढदिवस. बातमीदाराला रोज दोन. जायचं नसतंच. कुणाचं मन मोडायचं नाही, म्हणून एकच वाक्य तयार असतं. ते वाक्य विचार न करताच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"हो हो... येऊन जातो."

सोपाननं माझ्या तोंडावर हात ठेवला. फार उशिरा.

पावलं पाण्याकडं गेली. दिवे आले. बेडूक ओरडू लागले. सोपान भात जेवला, रडत रडत, मीठही न घालता. मला म्हणाला, घासभर खा. मी नेम मोडला नाही. "पावणं, आज झोपू नका," एवढंच तो सारखं म्हणत राहिला. मी त्याचा गाळपेराचा जबाब घेतला. सातबाऱ्याचे नंबर, पावत्या, कुणी कधी धमकी दिली ते सगळं. आयुष्यातला इतका चोख जबाब मी घेतला नसेल. पहाटे कधीतरी गाडीच्या पत्र्याला पाठ टेकवली. तासभर डोळा लागला असेल. जास्त नाही.

उजाडलं तेव्हा सोपान जागाच होता. माझ्याकडं न पाहता तो म्हणाला, "चला, खाली जाऊन येऊ."

पाण्याच्या काठाला, गाळावर, पत्रावळींची लांब रांग मांडलेली होती. गाळात एकाही पावलाचा ठसा नाही. सगळ्या पत्रावळी रिकाम्या. वरच्या अंगाला एक तेवढी भरलेली, कुणी हात न लावलेली. भात, आमटी, लापशी, वर तूप थिजलेलं.

"ही माझी," सोपान म्हणाला. "भावकीची रांग ही."

समोर दुसरी रांग होती. म्हणजे रांग कसली, एकच पत्रावळ.

"आणि ती?"

मी जवळ जाऊन पाहिलं. चाटूनपुसून स्वच्छ केलेली. घरचं वळण असलेल्या माणसानं करावी तशी मधोमध दुमडलेली.

गाळपेराची बातमी मी त्याच आठवड्यात छापली. नावं घालून छापली. तळाची चौकशी लागली आहे आणि सोपान सुखरूप आहे. गॅसवर चहा करून पितो, मला फोन करून सांगतो. त्या सकाळचं मात्र मी कुठं लिहिलं नव्हतं.

त्या सकाळी काठावरून वर तळावर आलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. प्यारीबाईंनी गरम पुऱ्यांचं ताट पुढं केलं. "आता तरी घ्या हो भाऊ. काल दुपारपासून पोटात काही नाही तुमच्या."

"नको काकी," मी म्हणालो. पुढंही काही म्हणणार होतो. पण मला ढेकर आला. मोठा, भरल्या पोटाचा, तुपा-गुळाच्या लापशीचा. आणि त्याच्यामागून, हळूच, ओल्या गाळाचा.